शेडमधले नऊ डबे

कुत्रा काय चाटतोय ते मर्टल होल्रॉइडला बागेच्या फाटकातूनच कळलं, आणि सकाळची ओटची लापशी तिच्या घशाशी आली.

टेकडीच्या माथ्यावर गवतात कापलेला चक्रव्यूह होता. त्याच्या मधोमध दगडी खांबावर सूर्यघड्याळ, आणि त्या खांबाच्या बुडाशी एक गलेलठ्ठ लॅब्राडोर लपलपा जीभ चालवत उभा होता. मालकीण शेजारी फोनवर कुणाशी तरी पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत होती. आदल्या दिवशी कुणीतरी आपल्या माणसाची राख तिथे ओतून गेलं होतं. हाड कितीही बारीक दळा, कुत्र्याला ते हाडच लागतं.

फाटकापासून घड्याळापर्यंत सरळ गेलं तर तीस पावलं. पण हार्डरशॉ गावात चक्रव्यूहाचं गवत कुणी ओलांडत नाही. वाट एकच, दीड फूट रुंद, नऊ वळसे घेत मध्यावर जाणारी, आणि आलात त्याच वाटेने परत निघायचं. चर्चमध्ये कुणी फिरकत नाही, लग्नं टिकत नाहीत, पण गवतावर पाय देऊन आडवं जायचं नाही, एवढं मात्र गावाने जिवापाड सांभाळलं आहे. तशी कुठे पाटी नाही आणि दंडही नाही. म्हणून मर्टल हातात ब्रश आणि सुपली घेऊन वाटेनेच निघाली. दोनदा ती कुत्र्याच्या हातभर अंतरावर आली आणि दोनदा वाट तिला पुन्हा लांब घेऊन गेली. बारा मिनिटांनी ती पोचते न पोचते तोच कुत्र्याचं समाधान झालं आणि मालकीण परत फिरली. अरुंद वाटेवर दोघी समोरासमोर आल्या.

"सॉरी," आडवी होऊन जागा देत मर्टल म्हणाली.

"छे हो," मालकीण हसली. "याला ना, काहीही चाटायला आवडतं."

कुत्र्याच्या मिशांवर करडे कण होते. मर्टलने तेही पाहिलं. बाई गेल्यावर ती खांबाशी गुडघे टेकून बसली, आणि त्या बाईपेक्षा, कुत्र्यापेक्षाही जास्त शिसारी तिला स्वतःच्या त्या 'सॉरी'ची आली.

मर्टलने चौतीस वर्षं खाणावळींची स्वयंपाकघरं तपासली होती. शेगडीमागचं ओघळलेलं तूप, पिठातल्या अळ्या, कोंबडीच्या पाण्यात धुतलेली कोथिंबीर, सगळं पाहून ती वहीत शांतपणे नोंद करायची. ती बाजारात शिरली की दुकानदार हात धुवायचे. गावात तिच्याबद्दल बोललं जायचं की बाई नाकाने कांदे सोलते, म्हणूनच बिनलग्नाची राहिली. निवृत्त झाल्यावर तिने चक्रव्यूहाचं काम अंगावर घेतलं, कारण ते करायला दुसरं कुणी तयार नव्हतं. वसंतात आणि शरदात अर्धगोल पात्याच्या फावड्याने वाटेच्या कडा कापायच्या, तण उपटायचं, घड्याळाच्या पितळेवरचं शेवाळ काढायचं. एवढंच काम असतं तर ती सुखी होती.

राखेचं खूळ तीन वर्षांपूर्वी सुरू झालं. कुण्या जोडप्याने आजोबांना सूर्यघड्याळापाशी 'मोकळं' केलं, त्याचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला आणि मग गावभरच्या आजोबांना तीच जागा हवीशी झाली. माणसाची राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते, हे लोकांना डबा उपडा करेपर्यंत माहीत नसतं. ती शिंपले कुटल्यासारखी भरड असते. थोडी उडते, थोडी कोटाला चिकटते आणि उरलेली तिथेच ढीग होऊन बसते. पावसाने तिचा पापुद्रा धरतो आणि खालचं गवत करपून जातं. मर्टलने एकाला घड्याळाच्या दगडावर डबा ठाकठाक आपटताना पाहिलं होतं, केकचं भांडं रिकामं करावं तसं. एका लेकीने आईला ओतल्याबरोबर ओल्या कागदी रुमालाने हात पुसले आणि तो रुमाल कुंपणात कोंबला. मग सगळे बुडबुड्यांची वाइन पितात, डोळे पुसतात आणि नामानिराळे होऊन जेवायला जातात. मागचं आवरायला कुणीतरी असेल, अशी त्यांची पक्की समजूत असते. ती खरीही होती.

बागेच्या मंडळाच्या अध्यक्ष मिसेस थ्वेट यांच्या कानावर मर्टलने हे घातलं होतं. त्यांनी मान हलवून फार संवेदनशील विषय आहे असं म्हटलं आणि एक पाटी लावली: 'इतरांचा विचार करावा ही नम्र विनंती.' कशाबाबत, ते पाटीवर नव्हतं. नगरपालिकेला फोन केला तर तिथल्या तरुणाने उलट फोन करतो म्हणून सांगितलं. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

तर मर्टल राख उचलायची. पण उचललेल्या माणसाचं करायचं काय? कचऱ्याच्या पिंपात टाकवेना. परसात पुरायची तर तिथे तिच्या घेवड्याच्या शेंगा होत्या, आणि त्या शेंगा नंतर खायच्या होत्या. शेवटी तिने आइस्क्रीमचे रिकामे डबे उकळत्या पाण्याने धुतले, एकेकात एकेक माणूस भरला, झाकणावर तारीख लिहिली आणि शेडमध्ये फळीवर ओळीने मांडले. आज हा नववा होता. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? तुमची आई माझ्याकडे आहे, कुंडीच्या मातीशेजारी?

मे महिन्याच्या शेवटी मिसेस थ्वेट यांनी सभा बोलावली. घड्याळाभोवतीचं गवत इतकं मेलं होतं की उन्हाळ्याच्या सर्वांत मोठ्या दिवशी गाव चक्रव्यूह चालायला येतं तेव्हा शोभा होणार होती. म्हणून मध्यावरची वीतभर माती खणून काढायची आणि फरशा बसवायच्या, असं ठरत होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून लेनर्ड क्रॅबट्री उठला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, दाढी गुळगुळीत, टाय घट्ट बांधलेला. गावात त्याला सगळे ओळखत, कारण बायको गेल्यापासून तो दर रविवारी सूर्यघड्याळापाशी येऊन तिच्याशी तासभर बोलायचा. ते पाहून बाया हळहळायच्या.

"माझी आयव्ही आहे तिथे," तो म्हणाला. "चार ऑक्टोबर, शनिवार, सकाळी अकरा. मी माझ्या हाताने ठेवलीय. तिला कुणी फावडं लावायचं नाही."

त्याची बायको कुठल्या डब्यात आहे, ते मर्टलला आत्ता कळलं. त्या शनिवारी तिची दाढ काढली होती. सोमवारी सुजलेल्या गालाने ती टेकडीवर गेली तेव्हा खांबाशी दोन ढीग होते, आणि दोन दिवसांच्या भुरभुरीने त्यांचा एकच चिखल झाला होता. कुठला कुणाचा, कळायला मार्ग नव्हता. तिने एकाच ब्रशने सगळं एकाच डब्यात भरलं. झाकणावर लिहिलं, 'सहा ऑक्टोबर. दोन.' चौतीस वर्षांत इतकं गलथान काम तिच्या हातून झालं नव्हतं.

तेव्हाच उठून सांगितलं असतं तर पाच मिनिटांची लाज होती. पण मर्टल मूग गिळून बसली, आणि बाहेर पडताना तिने लेनर्डला दार उघडून धरलं.

खणणारे दोघे जूनच्या दुसऱ्या सोमवारी आले तेव्हा लेनर्ड घडीची खुर्ची टाकून सूर्यघड्याळाला टेकून बसला होता. मांडीवर थर्मास, डोक्यावर टोपी. त्याला उठा म्हणायला कुणाची जीभ रेटेना. खणणारे गाडीत जाऊन चहा पीत बसले. मिसेस थ्वेट यांनी ब्लँकेट पाठवलं. वर्तमानपत्रवाला आला, त्याने फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी 'मरणानंतरही साथ' असं छापून आलं. मग कुंपणाबाहेर बघ्यांची रांग लागली. कुणी सूप, कुणी आल्याचा केक आणून फाटकावर ठेवू लागलं. आत जायचं म्हणजे बारा मिनिटं चालणं आलं आणि त्याचं सांत्वन करणं आलं. ते काम आपसूक मर्टलकडे आलं, कारण वाटेची सवय तिला होती.

दुरून डोंगर साजरे म्हणतात तेच खरं. कुंपणाबाहेरून लेनर्ड म्हणजे निष्ठेचा पुतळा दिसायचा. मर्टल पहिल्या दिवशी सूप घेऊन त्याच्यापाशी बसली तेव्हा तिलाही त्याची कणव आली होती. इतकी माया कुणी कुणावर करतं, आणि ती मायेची बाई आपल्या शेडमध्ये खताच्या पोत्याशेजारी! पण लेनर्ड बोलायला लागला तसतशी ती कणव ओसरत गेली.

आयव्हीने पन्नास वर्षांत एकटीने कधी घराबाहेर पाऊल टाकलं नाही, हे त्याने अभिमानाने सांगितलं. बसमध्ये ती खिडकीशी बसायची, बाहेरच्या बाजूला हा, म्हणजे शेजारी परका कुणी बसायचा प्रश्नच नाही. फोन हाच उचलायचा. तिच्या बहिणीचा असला तर आयव्ही झोपलीय म्हणून ठेवून द्यायचा. एकदा तिने लायब्ररीत काम धरलं होतं. तिथला एक जण तिच्याशी हसून बोलतो हे याने खिडकीतून पाहिलं, आणि ते काम पंधरा दिवसांत सुटलं. सुटलं म्हणजे यानेच जाऊन सोडवलं. हे सगळं तो सूप फुंकत फुंकत सांगत होता, आणि मधूनच खांबाच्या बुडाशी बघून म्हणत होता, "काय गं, खोटं आहे का?"

मर्टल दुसऱ्या रात्री जेवली नाही. शेगडीमागचं ओघळलेलं तूप पाहून जसं व्हायचं तसं तिला होत होतं. वरून भांडी घासूनपुसून लखलखीत आणि मागे हे. पण तिने मनाला बजावलं, नवरा कसाही असो, त्याची बायको उचलून नेली ती आपण. तो तिथे बसून राहिलाय तो आपल्यापायी.

तिसऱ्या दिवशी सकाळीच पाऊस धरला. टेकडीवर वारा होता आणि लेनर्डचा खोकला फाटकापर्यंत ऐकू येत होता. ओठ जांभळे पडले होते. मिसेस थ्वेट छत्रीखाली उभ्या राहून कुणीतरी त्यांना समजवायला हवं असं सगळ्यांना सांगत होत्या. मर्टल घरी गेली, शेडमधून सहा ऑक्टोबरचा डबा काढला, बाजाराच्या पिशवीत ठेवला आणि वाटेला लागली. बारा मिनिटं तिच्या मनात एकच होतं: हा माणूस आता उठून ओरडेल, सगळ्या गावाला कळेल, आणि ते अगदी बरोबर होईल.

"मिस्टर क्रॅबट्री," ती म्हणाली, "आयव्ही इथे नाहीये."

"मी ठेवलीय बाई तिला. तुम्ही काय सांगताय मला?"

"मी उचलली. तुम्ही ठेवलीत त्यानंतरच्या सोमवारी. मी इथली सगळीच उचलते. कुत्रे येतात." तिने पिशवीतून डबा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "उकळत्या पाण्याने धुतलेला आहे," हे वाक्य तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं.

लेनर्डने डब्यावरच्या छापील स्ट्रॉबेरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "इथे आणायचं मीच ठरवलं होतं. ती सारखी समुद्र, समुद्र करायची. शेवटच्या आठवड्यातही तेच. व्हिटबीला नेऊन सोड म्हणे. समुद्रात मी तिला कुठे शोधत बसू? इथे ती कुठे आहे ते मला ठाऊक असतं." त्याने झाकणावर बोट ठेवलं. "हे 'दोन' काय आहे?"

मर्टलने सांगितलं. दाढ, भुरभुर, दोन ढीग, एक ब्रश. काही लपवलं नाही. आता शिव्या येतील म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली.

लेनर्डने झाकणावरचं बोट उचललं.

"दुसरं कोण?"

"माहीत नाही."

"बाई की पुरुष?"

मर्टलने वर पाहिलं. तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तुम्ही माझ्या बायकोचं हे काय केलंत, असं त्याने विचारायला हवं होतं. आठ महिने मी रिकाम्या दगडाशी बोलत होतो आणि तुम्ही बाजूला तण उपटत ऐकत होतात, असं म्हणायला हवं होतं. ते ऐकून घ्यायलाच ती आली होती.

"बाई होती की पुरुष, ते विचारतोय मी." त्याचा आवाज चढला नव्हता. आयव्हीशी तो कोणत्या आवाजात बोलत असेल ते तिला तेव्हा नेमकं कळलं.

दुसरा माणूस कोण, कुठला, म्हातारा की तरुण, मर्टलला खरोखर काहीही ठाऊक नव्हतं. आणि चौतीस वर्षांत तिने ठाऊक नसलेली एकही ओळ अहवालात लिहिली नव्हती.

"पुरुष," ती म्हणाली. "चांगला उंचापुरा असावा. राख बरीच होती."

लेनर्डने दोन्ही हात डब्यावरून काढून कोटाला पुसले.

"आणि ऑक्टोबरपासून..."

"हो. आठ महिने झाले. पूर्ण कालवलेले आहेत. आता वेगळे करता यायचे नाहीत."

तो डब्याकडे असा बघत होता की मर्टलला कितीतरी स्वयंपाकघरं आठवली, जिथे ती स्वतः अशी बघत उभी राहिली होती. मग त्याने तो दोन बोटांनी कडेला धरून मांडीवरून उचलला आणि घड्याळाच्या पायरीवर ठेवला.

"माझ्या घरात मी हे घेणार नाही," तो म्हणाला. "तुमचं तुम्ही बघा. आणि खबरदार, गावात बोललात तर. लोक काय म्हणतील मला?"

"नाही बोलणार," मर्टल म्हणाली.

त्याने खुर्चीची घडी केली, थर्मास बगलेत मारला आणि निघाला. तो तोंड उघडणार नव्हता, म्हणजे मर्टलचं नावही सहीसलामत राहणार होतं. हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीही तिला किळस आली. कुंपणाबाहेर टाळ्या वाजल्या. मिस होल्रॉइडने समजूत घातली, असं लोकांना वाटलं. लेनर्ड नऊ वळसे चालत बाहेर जाईपर्यंत दोन वेळा तिच्या जवळून गेला, पण त्याने एकदाही मान वळवली नाही. फाटकाशी मिसेस थ्वेट यांनी त्याला मिठी मारली आणि तो ताठ उभा राहिला.

खणणाऱ्यांनी गाडीतून फावडी काढली. मर्टलने डबा उचलला. इतके महिने तिने तो कधी छातीशी धरला नव्हता. पिशवीत वाटला होता त्यापेक्षा तो जड होता. टेकडीच्या पायथ्याहून व्हिटबीची बस दोन वीसला सुटायची, आणि वाट संपायला बारा मिनिटं लागणार होती.

"चल गं आयव्ही," ती हळूच म्हणाली. आणि मग दुसऱ्या माणसाला उगीच वाईट वाटू नये म्हणून, "तुम्हीही चला."

बसमध्ये ती बाहेरच्या बाजूला बसली आणि डबा तिने खिडकीशी ठेवला. पुढच्या थांब्यावर तिला वाटलं की हेही बरोबर नाही. तेव्हा ती उठली, पलीकडच्या बाकावर जाऊन बसली आणि आयव्हीला अख्खं बाक मोकळं करून दिलं.